तिथी बघून रेवदंडा: सोलापूरहून एका दिवसाची किनारी सफर

सोलापूरच्या माणसाला किल्ला नवा नाही. सिद्धेश्वर तळ्याकाठचा भुईकोट आपण लहानपणापासून बघत आलोय. पण तटबंदीच्या आत अख्खं गाव नांदतंय, शाळा भरतेय, नारळ उतरवले जातायत आणि तटाच्या बाहेर समुद्र भरतोय-ओसरतोय, असा किल्ला बघायचा तर अलिबागच्या दक्षिणेला कुंडलिका खाडीच्या तोंडावर रेवदंड्याला जावं लागतं. हा पोर्तुगीजांनी तट घालून वसवलेला शहरवजा किल्ला. आगरकोट हेही त्याचंच नाव. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि आत शिरलात की नाव कशावरून पडलं ते सांगावं लागत नाही.

मी तीनदा गेलो. पहिली खेप वाया गेली, दुसरी बरी झाली, तिसरी मनासारखी झाली. तीन खेपांत फरक होता तो तिथीचा. म्हणून या लेखात गाडी-बोटीच्या आधी पंचांग येणार आहे.

पहिल्यांदा गेलो ते दत्तजयंतीला. सुट्टी जोडून आली होती, एवढाच विचार केला. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, आणि त्या दिवसांत शेजारच्या चौलला डोंगरावरच्या दत्ताची मोठी यात्रा असते, हे माहीत नव्हतं. रस्ता माणसांनी भरलेला. कसेबसे बाराला किनाऱ्यावर पोचलो तर पूर्ण भरती. वाळूची एवढीशी पट्टी उरलेली, आणि तटाच्या कडेनं चालायचं म्हटलं तिथं पाणी उसळत होतं. मुलं पाण्याला हात लावून परत फिरली. किल्ला आम्ही बाहेरून बघितलाच नाही.

ओहोटीचा हिशेब, पंचांगावरून

आपल्याकडं पाणी म्हणजे नळाला किती दिवसांनी येणार एवढाच हिशेब. किनाऱ्यावर पाणी रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. कारण चंद्र. म्हणून कोकणातले जुने लोक घड्याळाआधी तिथी विचारतात. त्यांचा आडाखा सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सुकती.

आपलं तर बरंय, दाते पंचांग सोलापुरातच निघतं आणि घरोघरी भिंतीला टांगलेलं असतं. त्यात दशमी कोणत्या तारखेला आहे ते बघा. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला भरती आणि दुपारी पावणेदोनच्या आसपास ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत हिशेब एकच; वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरून मोजायचं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन दुपारी भरती. माझी पहिली खेप का फसली ते इथंच आलं. आणि पंचमीला जाल तर ओहोटी सकाळी दहालाच होऊन गेलेली असेल, तेव्हा तुम्ही अजून अलिबागच्या वाटेवर.

अष्टमीची ओहोटीही दुपारी सव्वाबाराला येते, मग अष्टमी का नको? कारण अष्टमीच्या आसपास ‘भांग’ असतो. भांगात पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, तटाबाहेरची वाळू पुरती उघडी पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ‘उधाण’, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं, पण वेळ आपल्या सोयीची नसते. दशमी-एकादशीला दोन्ही गोष्टी त्यातल्या त्यात जुळतात. त्यातही मी दशमीच सांगेन. पंढरपूर आपल्या जिल्ह्यातलं, अनेकांच्या घरी एकादशी पाळली जाते, आणि किनाऱ्यावर जाऊन सुरमईकडं नुसतं बघत बसायचं म्हणजे अवघडच.

हा आडाखा तासभर इकडंतिकडं होतो. दिवस ठरवायला तो पुरेसा आहे. दिवस ठरल्यावर मोबाईलवर अलिबाग किंवा मुंबईचं भरतीचं वेळापत्रक उघडून नक्की वेळ लिहून घ्या.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर जाऊ नका. आपल्याला बेचाळीस अंशांची सवय आहे म्हणून कोकणचं ऊन काही वाटणार नाही, असं मलाही वाटायचं. तिथं पारा कमी असतो, पण घाम वाळतच नाही. आणि पावसाळ्याचे महिने गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी बंद असतात, त्यामुळं हा बेत तेव्हा जमतच नाही.

जायचं कसं

एका दिवसात करायचं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमाराला सोलापूर सोडते, सकाळी साडेसहाच्या आसपास मुंबईत सीएसएमटीला पोचवते. त्याच रात्री तशाच वेळेला तिकडून परतीची गाडी आहे. दोन्ही तिकिटं एकाच वेळी काढा. जायचं मिळालं आणि यायचं वेटिंगवर राहिलं, तर दिवसभर लक्ष मोबाईलवरच राहतं. तिथी पंचांगात वर्षभर आधी दिसते, त्यामुळं आरक्षण उघडतं त्याच दिवशी काढता येतं. दशमी शनिवार-रविवारी आली तर शक्यतो सोडून द्या. अलिबागला मुंबई-पुण्याची सगळी गर्दी त्याच दोन दिवसांत असते.

वंदे भारत सकाळी निघून दुपारी मुंबईत पोचते, ती या बेताला उपयोगाची नाही. मुक्काम करणार असाल तर चालेल.

सीएसएमटीला उतरल्यावर प्रतीक्षालयात तोंड धुऊन, कपडे बदलून, चहा घेऊन निघा. गेटवे तिथून अडीच किलोमीटरच्या आसपास. सकाळच्या वेळी फोर्टमधून चालत जाण्यात मजा आहे, म्हातारी माणसं असतील तर टॅक्सी. गेटवेपाशी मांडव्याच्या बोटींच्या तिकीट-खिडक्या आहेत; पीएनपी, मालदार, अजंठा अशा कंपन्यांच्या बोटी सुटतात. तिकीट घेताना एक प्रश्न विचाराच: मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस यात धरलीय का? बहुतेक तिकिटांत ती धरलेली असते, आणि तिकीट अलिबागला उतरेपर्यंत जपून ठेवावं लागतं. आमच्यातल्या एकानं ते बोटीतच चुरगाळून टाकलं आणि मांडव्याला बसच्या दारात पिशव्या उपसत बसला.

बोटीत चढताना घाई करू नका. बोट पाण्याबरोबर वरखाली होत असते, कधी दोन बोटी एकमेकींना लावलेल्या असतात आणि पहिलीतून दुसरीत पाऊल टाकावं लागतं. खलाशी हात पुढं करतो. त्याचा हात धरा, लाजू नका. पाऊल टाकायचं ते बोट वर आली की. ज्यांना एसटीत मळमळतं त्यांनी खालच्या मजल्यावर मधोमध बसावं, आवळासुपारी तोंडात ठेवावी आणि दूर क्षितिजाकडं बघावं. उपाशीपोटी बसू नये, तसंच वडापाववर वडापाव चढवूनही बसू नये. बाकीच्यांनी वरच्या मजल्याचे जास्तीचे थोडे पैसे द्यावेत. ताज आणि गेटवे मागं मागं जात लहान होतात, नौदलाची राखाडी जहाजं बाजूला दिसतात, थंडीत कुरव पक्ष्यांचा थवा बोटीमागं उडत येतो. त्यांना वेफर्स फेकणारे फेकतील, तुम्ही फेकू नका.

तासाभरात मांडवा. तिथं उतरल्या-उतरल्या पहिलं काम: परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ खिडकीवर विचारून लिहून घ्यायची. ती वेळ ऋतूप्रमाणं बदलते. शेवटच्या बोटीच्या आधीची बोट ही आपली बोट, असं समजून दिवस आखा.

मांडव्याहून बसनं अलिबाग पाऊण तास. अलिबाग एसटी स्टँडवरून रेवदंड्याकडं जाणारी एसटी मिळते, बाहेर रिक्षाही उभ्या असतात. अंतर सतरा-अठरा किलोमीटर. माणसं चार-पाच असतील तर रिक्षा ठरवणं परवडतं, वेळही वाचतो. नागाव, चौल अशी गावं लागतात, दोन्ही बाजूंना वाड्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा, रस्ता अरुंद आणि सावलीचा. सोलापूरच्या डोळ्यांना एवढी सावली एका जागी बघायची सवय नसते. रेवदंड्याला साडेदहा-अकरापर्यंत पोचाल. तिथून सव्वातीनपर्यंतचे चार तास आपले.

स्वतःची गाडी असेल तर पुणे, खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग असा सगळा मिळून चारशे किलोमीटरच्या आतबाहेर पल्ला. तो एका दिवसात जाऊन-येऊन करू नका, मुक्कामच करा.

आत शिरताना हे माहीत असू द्या

चौल हे फार जुनं बंदर. अरबस्तानातून घोडे इथं उतरायचे आणि इथलं सुती-रेशमी कापड बाहेर जायचं. चादरी-टॉवेलच्या गावातून आलेल्या माणसानं हे लक्षात ठेवावं. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकीतीन 1469 च्या सुमाराला इथंच उतरला, विकायला एक घोडा घेऊन. पुढं जुन्नर, बिदर असा बहमनी राज्यात फिरला. आपला भुईकोटही त्याच बहमनींच्या काळातला. निकीतीनचं स्मारक रेवदंड्यात शाळेच्या आवारात आहे. शाळा चालू असेल तर आधी कार्यालयात विचारून मगच आत जा.

1508 मध्ये चौलच्या समोर आरमारी लढाई झाली, त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पण पोर्तुगीज हटले नाहीत. निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी 1516 मध्ये वखार घातली आणि 1521 ते 1524 या काळात किल्ला उभा केला.

आता सोलापूरचा धागा. निजामशाही आणि आदिलशाही सोलापूरच्या किल्ल्यावरून सतत भांडायच्या. शेवटी हुसेन निजामशहानं मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला. त्यानंतर काही वर्षांनी, 1570 मध्ये, चांदबीबीचा नवरा अली आणि तिचा भाऊ, नवा निजामशहा मुर्तझा, हे दोघं पोर्तुगीजांवर एकाच वेळी तुटून पडले. अलीनं गोव्याला वेढा घातला, मुर्तझानं चौल-रेवदंड्याला. 1571 पर्यंत वेढा चालला, रेवदंडा पडलं नाही. पुढं 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनीही इथं वेढा दिला. अखेर वसईच्या मोहिमेनंतर 1740 च्या तहानं हा मुलूख मराठ्यांकडं आला.

भुईकोटाच्या बुरुजावर उभं राहून ‘हा आंदणात गेला होता’ म्हणून पाहुण्यांना सांगणाऱ्या आपल्या माणसांनी रेवदंड्याचा तट बघायलाच हवा, तो यासाठी.

चार तास कसे वापरायचे

गावात शिरताना रस्ता तट फोडूनच आत जातो. गाडीत बसून हे कळतही नाही, म्हणून अलीकडंच उतरा आणि तट चालत ओलांडा. दरवाजाकडं जाऊन वर बघा. पोर्तुगीज राजाचं चिन्ह दगडात कोरलेलं आहे. उन्हाच्या तिरिपीत ते नीट दिसतं, दुपारी डोक्यावर ऊन आलं की सपाट वाटतं. म्हणून हे पहिलं.

तिथून सातखणीकडं. सातखणी म्हणजे फ्रान्सिस्कन मठाचा सात मजली मनोरा. आज वरचे मजले नाहीत, तरी नारळांच्या शेंड्यांवर डोकं काढून उभा आहे. आसपास जुन्या तोफा पडल्यात. मनोऱ्यावर चढायचा प्रयत्न करू नका, आतही शिरू नका. दगड सुटलेले आहेत. खालून बघायचा आणि निदान पंधरा मिनिटं बघायचा. एकेका मजल्याच्या खिडक्या मोजा. त्यातून आरपार आभाळ दिसतं, आणि वारा सुटला की मागच्या माडाची झावळी एका खिडकीत येते, जाते.

आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा सगळ्या पंथांची चर्चं आणि मठ होते. त्यांचे अवशेष वाड्यांमधून विखुरलेत. आणि इथंच बहुतेक पर्यटक चुकतात. ही वाडी म्हणजे कुणाचं तरी घर-अंगण आहे, पोफळीचं उत्पन्न आहे. गडग्यावरून उडी मारून आत शिरायचं नाही. बेड्यापाशी, म्हणजे वाडीच्या फाटकापाशी, उभं राहून हाक मारायची. आम्ही हाक मारली तेव्हा एक आजी सुपारी निवडत बसल्या होत्या.

‘आजी, मागच्या तटाकडं जाऊ का?’

‘जा की. कुठून आलाव?’

‘सोलापूरहून.’

‘एवढ्या लांबून? मंग आदी पानी प्या.’

तांब्या पुढं करून त्यांनीच सांगितलं, की पाटाच्या कडेनं जा, मध्ये रोपं लावलीत. तेवढं ऐकलं म्हणून तटाचा जो भाग बघायला मिळाला तो विसरता येत नाही. उंबराच्या मुळांनी तट असा धरलाय, की दगडानं झाड तोललंय की झाडानं दगड, ते कळत नाही. मूळ एका सांध्यातून आत गेलंय आणि दोन हात खाली दुसऱ्या सांध्यातून बाहेर आलंय, मनगटाएवढं जाड होऊन. निघताना आजींकडून सुपारी विकत घेतली. तुम्हीही काहीतरी घ्या, शहाळं तरी.

या सगळ्यात साडेबारा वाजतात. आता जेवण. सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेलीच असेल, ती परतीच्या गाडीसाठी ठेवा. इथं तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, तळलेला बांगडा किंवा सुरमई आणि सोलकढी. घरगुती खानावळीत आयत्या वेळी जाऊन चालत नाही. सकाळी गावात पोचल्यावर ‘इतकी माणसं, साडेबाराला’ असं सांगून ठेवायचं. शाकाहारी असाल तर तेव्हाच स्पष्ट सांगा, वालाची उसळ किंवा बिरडं मिळालं तर नशीब समजा. पापलेटचा भाव ऑर्डर देण्याआधी विचारा, तो रोज बदलतो.

एक-सव्वाला किनाऱ्यावर या. यासाठीच दशमी धरली होती. पाणी मागं हटलेलं असतं, सुरूच्या बनापुढं करडी, घट्ट वाळू लांबवर उघडी पडलेली असते, आणि तट आता बाहेरून दिसतो. आतून जो पडका, झाडीत हरवलेला वाटला होता तो इथून सलग आहे.  वाळूवर पाण्याच्या नागमोडी रेषा उमटलेल्या असतात, बारके खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घालून ठेवतात. पाऊल जवळ आलं की सगळे एकदम गायब.

चालताना तीन गोष्टी सांभाळा. खाडीच्या तोंडाकडं वाळू संपून चिखल लागतो, त्यात पाय गुडघ्यापर्यंत जातो. मऊ लागलं की मागं फिरा. हिरवं शेवाळ आलेल्या दगडावर पाय ठेवू नका, पट्ट्याच्या चपला घाला. आणि पाण्यात पोहायला उतरू नका. कुंडलिकेच्या तोंडाशी ओहोटीला पाणी बाहेर ओढतं, वरून ते शांत दिसतं. आपल्या पोरांना विहिरीत पोहता येतं, पण विहीर ओढून नेत नाही. पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात किनारा सोडा, पाणी परतताना दिसतं त्यापेक्षा वेगानं येतं.

खाडीपलीकडं कोर्लईचा डोंगर दिसेल. तिथला किल्ला पोर्तुगीजांनी 1594 मध्ये निजामशाहीकडून घेतला, आणि पायथ्याच्या गावात आजही काही घरांत पोर्तुगीज-मराठी मिसळून झालेली बोली बोलतात. ते लोक तिला ‘नोलिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. पूल ओलांडून रिक्षानं जाता येतं, पण चार तासांत दोन्ही किल्ले कोंबू नका. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्लई. अलिबागचा कुलाबा किल्लाही याच दिवसात घालायचा मोह होतो; त्यालाही ओहोटीच लागते, त्यामुळं एकच काहीतरी निवडा.

परत येताना

सव्वातीनला रेवदंडा सोडलं की चारपर्यंत अलिबाग, पाचपर्यंत मांडवा, साडेसहा-सातपर्यंत गेटवे. मग गाडीला भरपूर वेळ उरतो. तो मुद्दाम ठेवलाय. एखादी एसटी चुकली किंवा बोट भरली तरी गाडी चुकत नाही.

जवळ काय ठेवायचं: टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी, एक कोरडा जोड, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी आणि सुटे पैसे.

फेब्रुवारीत गेलात तर अलिबागच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. जीआय मानांकन मिळालेला हा कांदा गोडसर, तिखटपणा जवळपास नाही. मे महिन्यापर्यंत मिळतो. घ्यायचा तर वेणीच घ्या, सुटा घेऊ नका, आणि बोटीत ओल्या जागी ठेवू नका. गाडीत बर्थच्या हुकाला अडकवला की चुरगळत नाही. घरी आल्यावर वेणी सोडायची नाही. स्वयंपाकघरात वारा लागेल अशा खिळ्याला तशीच टांगायची आणि खालचा कांदा आधी काढायचा. भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर तो कसा लागतो, ते पहिल्याच दिवशी बघा.